शेडमधले ४८ दिवे बदलायचेत: सिझर घेऊ, बूम घेऊ, की दोन्ही?

वाळूज_वायरमन

नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीत वायरिंगची कामं घेतो, हाताखाली चार पोरं आहेत. एका प्रेस शॉपचं (पत्रा दाबून भाग काढतात त्या शेडचं) काम मिळालंय. जुने ४०० वॉटचे मेटल हॅलाइड हायबे (उंच छताला लावायचे मोठे दिवे) उतरवायचे आणि १५० वॉटचे एलईडी चढवायचे. एकूण ४८ दिवे.

आजवर असली कामं चाकाच्या घोडीवरून केली, नाहीतर पाइपाची परांची बांधली. पण इथल्या सेफ्टीच्या मॅडमनी पहिल्याच मीटिंगमध्ये घोडी आणि शिडी दोन्ही कटाप केली. म्हणाल्या, मशीन आणा, मशीनचं सर्टिफिकेट आणा, चालवणाऱ्याचं ट्रेनिंग दाखवा, मग परमिट देते.

भाड्याने देणाऱ्या तिघांना फोन लावले. एक म्हणाला सिझर घ्या, म्हणजे कात्रीसारख्या पट्ट्यांवर सरळ वर जाणारा पाटा. दुसरा म्हणाला ४५ फुटी बूम घ्या, म्हणजे लांब हाताच्या टोकाला माणसाची टोपली असलेली, एकाच मशीनमध्ये सगळं काम उरकेल. तिसऱ्यानं काम काय आहे हे विचारलंसुद्धा नाही, सरळ रेट सांगून मोकळा. सिझर आणि बूमच्या भाड्यात लई फरक आहे, म्हणून विचारतोय.

शेड अशी आहे. दिवे ट्रसच्या (छताच्या लोखंडी कैचीच्या) खालच्या पट्टीला, फरशीपासून साडेनऊ मीटरवर. चार ओळी, एका ओळीत १२. दोन ओळी येण्या-जाण्याच्या रस्त्यांवर आहेत, खाली मोकळं. उरलेल्या दोन ओळी बरोबर प्रेसच्या रांगांवर. प्रेस चार मीटर उंच. दिव्यांच्या खालून ५ टनाची ईओटी क्रेन (वरच्या रुळांवर चालणारी विजेची) फिरते. रस्ता दोन मीटरचा, पण एका ठिकाणी पॅनेल पुढे आल्यामुळे दीडच मीटर उरतो. फरशी ट्रिमिक्सची (काँक्रीटची), चांगली आहे. मधून केबल ट्रेंच जाते, वर चेकर्ड प्लेट.

हार्नेस (अंगाला बांधायचा सेफ्टी पट्टा) सिझरमध्येही लागतो का, तेही सांगा. आणि बाहेरच्या बाजूला पन्हळ गळते, ती याच मशीनवरून उरकता येईल का?

भिवंडी_गोडाऊनवाला

आमच्याकडे रॅकच्या मधल्या बोळात दिवे बदलायला मास्ट लिफ्ट वापरतो. एका माणसाची, ढकलत न्यायची. चार पाय लावायचे, बटण दाबायचं, की उभा खांब एकातून एक वर निघतो. वजन साडेतीनशे ते पाचशे किलो, त्यामुळे फरशीची चिंता नाही. ३० फुटी आणि ४० फुटी दोन्ही मिळतात. पण दर दिव्याला खाली यायचं, पाय उचलायचे, ढकलायचं, परत पाय लावायचे. वर असताना हलवता येत नाही, पाय नीट टेकल्याशिवाय ती उठतच नाही. दहा-बारा दिव्यांना ठीक. ४८ म्हणजे पोरं शिव्या देतील.

फॅब्रिकेशन_भोसरी

एवढा खर्च कशाला? हायड्रा बोलवा, हुकाला पिंजरा लटकवा, दोन माणसं आत. आमच्याकडे वर्षानुवर्षं तसंच चालतं.

गुहागरचा_ऑपरेटर

भोसरीवाले, तुमचं आधी उरकतो. हुकाला टांगलेला पिंजरा फिरतो आणि झुलतो, आणि वरच्या माणसाच्या हातात काहीच नसतं. सगळे लिव्हर खाली केबिनमध्ये. हायड्राचा ड्रायव्हर मान वर करून बघणार तरी किती? त्यात ती चालत्या गाडीवर वजन घेऊन फिरायला बनवलेली क्रेन आहे, माणसं उचलायला नाही. ज्या मॅडमनी घोडी कटाप केली त्या हायड्रा गेटच्या आत तरी घेतील का? फोर्कलिफ्टवर पॅलेट ठेवून माणूस उभा करण्याचंही तेच. पुढे जाऊ.

वायरमनभाऊ, तिघांपैकी ज्यांनी काही विचारलं त्यांनी उंची विचारली असणार. खालची जमीन कशी आहे हे कोणी विचारलं का? मी कतारला आणि नंतर अबुधाबीला मॅनलिफ्ट चालवल्या. आता चाकणला एका यार्डात आहे, मशीन पाठवण्याआधी साइट बघून यायचं काम माझ्याकडे. येणारा प्रत्येक फोन "किती फुटी आहे?" इथूनच सुरू होतो. मशीन ठरतं ते खालच्या जमिनीवरून आणि मधल्या अडथळ्यांवरून. उंचीचं गणित सगळ्यात सोपं, म्हणून ते आधी संपवू.

पत्रकावर दोन उंची लिहिलेल्या असतात. एक पाट्याची, म्हणजे माणूस जिथे उभा राहतो ती. दुसरी कामाची, म्हणजे पाट्याची उंची अधिक २ मीटर. भाड्याचा माणूस मोठा आकडा सांगतो. तुझे दिवे ९.५ मीटरवर, म्हणजे पाटा साधारण ७.७ ला थांबला की दिवा कपाळासमोर येतो. सिझरचं मॉडेल नावावरून वाचता येतं. १९३० म्हणजे पाटा १९ फूट, मशीनची रुंदी ३० इंच. २६३२ म्हणजे २६ फूट आणि ३२ इंच. २६ फूट म्हणजे ७.९ मीटर. रस्त्यावरच्या दोन ओळींना तुला २६३२ पुरते. ३२४६ घेऊ नकोस, यार्डात तीच रिकामी उभी असली की तीच गळ्यात मारतात. तिची रुंदी ४६ इंच, वजनही बरंच जास्त. २६३२ ची रुंदी ०.८१ मीटर आणि वजन दोन टनांच्या आत-बाहेर. दीड मीटरच्या गळ्यातून आरामात जाईल आणि जवळजवळ जागच्या जागी वळेल.

आता पाट्यावर किती वजन चालतं ते बघ. जीनी कंपनीच्या २६३२ ला २२७ किलो. दोन माणसं, पक्कड-ड्रिल, चार-पाच एलईडी, उतरवलेले जुने दिवे. जुने मेटल हॅलाइड चोकसकट चांगलेच जड असतात. ते वर साठवत गेलास तर ओव्हरलोडचा भोंगा वाजतो आणि मशीन हलायचं थांबतं. पुढे सरकणारा जो जोडपाटा असतो त्यावर तर ११३ किलोच, म्हणजे एक माणूस आणि त्याची हत्यारं. दोघांनी तिथे जाऊन उभं राहायचं नाही. हे पोरांना वर जायच्या आधी सांग.

सिझर सरळ वर जाते, सरळ खाली येते. बाजूला पोच नाही, तो जोडपाटा काय ती ०.९ मीटर. त्यामुळे प्रेसवरच्या दोन ओळींना ती उपयोगाची नाही. तिथे नकल बूम, म्हणजे मध्ये सांधा असलेली. खालचे दोन हात आधी उभे उचलायचे, प्रेसच्या चार मीटरच्या वर गेलं की वरचा हात आडवा काढायचा. सरळ काठीची टेलिस्कोपिक बूम इथे चालणार नाही. ती तिरकीच वर जाते, त्या तिरक्या रेषेत तुझा प्रेस आणि तुझी क्रेन.

दुसऱ्यानं सांगितलेली ४५ फुटी. नकल बूमच्या नावातले आकडेही फुटांतच असतात, ४५/२५ म्हणजे पाटा ४५ फूट, आडवी पोच २५ फूट. मशीन उत्तम, मी स्वतः तिच्यावर खूप काम केलंय. पण बॅटरीवाली पावणेदोन मीटरच्या पुढे रुंद आणि डिझेलवाली सव्वादोनच्या पुढे. तुझ्या पॅनेलपाशी दीड मीटर. अडकली ना तिथेच? शिवाय डिझेल इंजिन बंद शेडमध्ये चालवायचं म्हणजे धुरानं पोरांची डोकी दुखणार.

तुला हवी अरुंद, बॅटरीवाली, ३०/२० च्या जातीची. रुंदी १.१९ मीटर, पाटा ९ मीटरच्या जरा वर, आडवी पोच सहा मीटरच्या वर. रस्त्यात उभं राहून प्रेसच्या मध्यावर सहज पोचेल. या अरुंद जातीचा आणखी एक फायदा म्हणजे वरचा भाग फिरवला तरी मागचा डबा चाकांच्या बाहेर येत नाही. रुंद मशीनचा मागचा भाग बाहेर येतो, आणि वर बसलेल्याचं लक्ष समोर दिव्याकडे असतं, मागे पॅनेलचा दरवाजा चेपला जातो.

पण हिची मेख वजनात आहे. जितकी अरुंद तितकं खाली वजन भरावं लागतं, नाहीतर आडवा हात काढल्यावर कलंडेल. ही एवढीशी दिसणारी मशीन सहा टनांच्या वर भरते. हात एका कोपऱ्यावरून बाहेर काढला की एकट्या चाकावर निम्म्याच्या जवळपास भार येऊ शकतो. त्यामुळे तुझ्या ट्रेंचच्या प्लेटबद्दल मला सगळं सांग. जाडी किती, रुंदी किती, कुठून कुठे जाते. तोवर बूम ठरवू नकोस.

सिझरलाही ट्रेंच चालत नाहीच. तिच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना पट्ट्या असतात, पॉटहोल गार्ड म्हणतात. पाटा वर निघाला की त्या खाली उतरतात, जमिनीपासून जेमतेम दोन बोटं राहतात. चाक खड्ड्यात गेलंच तर मशीन त्या पट्टीवर बसते, उलटत नाही. प्रेस शॉपमध्ये हमखास काय होतं सांगतो. पत्र्याचा कपटा, वेल्डिंग रॉडचं थोटूक, तारेचा तुकडा, असलं काहीतरी पट्टीच्या सांध्यात शिरतं आणि पट्टी पूर्ण उतरत नाही. मग पाटा वर गेल्यावर मशीन पुढेमागे व्हायला नकार देतं. ऑपरेटर यार्डात फोन लावतो, "तुमचं मशीन बिघडलंय." मेकॅनिक तंगडतोड करत येतो आणि पक्कडीनं एक चुंबळी झालेली तार ओढून काढतो. काम सुरू करण्याआधी रस्ता झाडून घे. खराट्यानं नाही, लोहचुंबकाच्या झाडूनं, प्रेस शॉपमध्ये तो असतोच.

उतार बघ. या सिझर आडव्या दिशेत दीड अंश आणि लांबीच्या दिशेत तीन अंशांपलीकडे कलल्या की भोंगा वाजतो आणि वर जाणं बंद होतं. शटरजवळ पाणी जायला फरशीला उतार दिलेला असतो, तिथले एक-दोन दिवे त्रास देतील. चाकाखाली फळी सारून मशीन सपाट करू पाहणारे महाभाग असतात. तसं करायचं नाही. ते दिवे बूमवरून कर.

हार्नेस. बूममध्ये वाद नाही, घालायचाच. चाक एखाद्या खड्ड्यात आदळलं तर लांब हाताच्या टोकाला त्याचा झटका कितीतरी पटीनं जातो आणि टोपलीतला माणूस कठड्यावरून बाहेर फेकला जातो. म्हणून आखूड दोरी, टोपलीतल्या खुणेच्या कडीला अडकवलेली. ट्रसला अडकवायची नाही. टोपली खाली गेली किंवा हलली तर माणूस ट्रसला टांगलेला राहील. सिझरमध्ये चारी बाजूंनी कठडा असतो, जगात बऱ्याच ठिकाणी तेवढं पुरेसं धरतात. आपल्याकडच्या कंपन्या तिथेही हार्नेस मागतात. मॅडम म्हणतील तसं. फक्त हुक कठड्याच्या पाइपाला नाही, कंपनीनं दिलेल्या कडीला. आणि कठड्यावर चढायचं नाही, त्यावर फळी टाकून वीतभर उंची वाढवायची नाही.

पडण्याची भीती सगळ्यांना असते. तुझ्या कामात मला जास्त भीती आहे ती चेपण्याची. साडेनऊवर ट्रस, पाटा ७.७ ला, डोकं लोखंडाच्या जवळ. वर बघत जॉयस्टिक जरा जास्त दाबली गेली की छाती कंट्रोलच्या डब्यावर आणि मान ट्रसखाली. तसाच दाबून धरलेला हात सुटत नाही, मशीन वरच जात राहते. म्हणून शेवटचा अर्धा मीटर कासवाच्या स्पीडवर, आणि खाली एक पोरगा फक्त बघायला. त्याला खालचे कंट्रोल वापरता आले पाहिजेत. किल्ली खालच्या पॅनेललाच राहू दे, खिशात घालून कोणी चहाला जायचं नाही. सिझरच्या चेसिसवर इमर्जन्सी लोअरिंगची मूठ असते, बूमला बॅटरीवर चालणारा सहायक पंप असतो. डिलिव्हरी घेतानाच दोन्ही चालवून बघ, पाटा वर नेऊन.

पन्हळीचा विचार सध्या सोड. बाहेर मुरुम असेल, या पांढऱ्या टायरच्या शेडमधल्या मशीन तिथे रुततात. काही सिझर तर फक्त आत वापरायच्या, त्यांना वारा शून्य धरलेला असतो. बाहेरच्या मशीनलाही मर्यादा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. तुमच्याकडे वळवाच्या आधी जो वावटळीचा वारा उठतो त्यात पन्हळीचा आठ फुटी पत्रा हातात घेऊन टोपलीत उभं राहून बघ, म्हणजे कळेल. त्याला चार चाकं ओढणारी डिझेल बूम, वेगळ्या दिवशी, वेगळं कोटेशन.

भुसावळ_टीआरडी_निवृत्त

गुहागरकरांनी सगळं सांगितलं, विजेचं राहिलं. मी रेल्वेच्या ओव्हरहेड वायरवर काम करून निवृत्त झालो. आमची टॉवर वॅगन २५ हजार व्होल्टच्या तारेखाली उभी असायची. ब्लॉक मिळाला, सप्लाय बंद झाला, तरी दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड (तारेला अर्थिंग देणारा दांडा) लागल्याशिवाय वर कोणी हात घालत नसे. साहेब कितीही घाई करोत.

वायरमन बंधू, तुमच्या शेडमध्ये ईओटी क्रेनला सप्लाय कशाचा आहे? जुन्या शेडमध्ये गॅन्ट्रीच्या (क्रेनचे रूळ ज्यावर असतात त्या बीमच्या) कडेनं उघड्या अँगलच्या किंवा तांब्याच्या पट्ट्या जातात, डीएसएल म्हणतो आपण. ४१५ व्होल्ट, दिवे बंद केले तरी त्या जिवंतच. तुम्ही लाइटिंगचा एमसीबी पाडून टॅग लावाल आणि कोपर डीएसएलला लागेल. तिचा आयसोलेटर (मेन स्विच) वेगळा असतो, त्यालाही कुलूप घाला, किल्ली तुमच्या खिशात.

दुसरं, या भाड्याच्या बूम अथपासून इतिपर्यंत लोखंडाच्या. महावितरणवाल्यांची बकेट गाडी तुम्ही रस्त्यावर बघितली असेल, तिच्यातही इन्सुलेटेड आणि साध्या अशा दोन जाती आहेत. इन्सुलेटेडमध्ये हाताचा एक भाग फायबरचा असतो आणि त्याची ठरावीक काळानं चाचणी होते. रंग पिवळा म्हणून कोणतीही मशीन इन्सुलेटेड होत नाही. पन्हळीचं काम कराल तेव्हा आवारातली ११ केव्हीची लाइन कुठून गेलीय ते बघा. मशीनच्या पुस्तकात ५० केव्हीपर्यंत किमान १० फूट अंतर लिहिलेलं असतं, आणि ते टोपलीतल्या माणसाच्या हातातल्या पाइपापासून मोजायचं, टोपलीपासून नाही.

नाशिक_सेफ्टीवाली

क्रेनबद्दल एक भर. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली) कलम २९ मध्ये स्पष्ट होतं: क्रेनच्या रुळाजवळ, क्रेन धडकेल अशा जागी माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या ६ मीटरच्या आत येणार नाही अशी व्यवस्था हवी. "ऑपरेटरला सांगून ठेवलंय" ही व्यवस्था नाही. क्रेन शेडच्या एका टोकाला उभी करा, आयसोलेटरला कुलूप, आणि रुळावर क्लॅम्पचे स्टॉपर. त्या टोकाचे दिवे शेवटी घ्या, क्रेन दुसऱ्या टोकाला नेऊन.

कागदांचं: मशीनच्या तपासणीचा दाखला, त्यावरचा सिरीयल नंबर आणि मशीनच्या पाटीवरचा नंबर एकच आहे का ते गेटवर ताडून बघा. दाखला एका मशीनचा आणि ट्रकवर दुसरं, हे मी पाहिलंय. ऑपरेटरकडे आयपॅफचं (अशा मशीनच्या ट्रेनिंगची आंतरराष्ट्रीय संस्था) कार्ड असेल तर त्यावर प्रकार बघा. ३ए म्हणजे सिझरसारख्या सरळ वर जाणाऱ्या चालत्या मशीन, ३बी म्हणजे बूम. नुसतं ३ए असलेला माणूस बूमवर बसवला तर मी परमिट देत नाही. तुमच्या मॅडमही देणार नाहीत. कार्डाची मुदत ५ वर्षं असते, मागची तारीख वाचा.

वाळूज_वायरमन

सगळ्यांचे आभार. काल परत जाऊन मोजून आलो.

डीएसएल आहे, आणि उघडीच आहे. भुसावळचे काका, तुम्ही बोललात म्हणून वर बघितलं. दिव्यांच्या शेवटच्या ओळीपासून फार लांब नाही.

ट्रेंच ४५० मिलिमीटर रुंद, प्लेट ८ मिलिमीटरची, मधे आधार नाही. पुढच्या शटरपासून प्रेसच्या रांगेकडे जायचं तर ती ओलांडावीच लागते. रस्त्यावरच्या दोन ओळींपैकी एकीला ट्रेंच लागतच नाही, दुसरीला मधोमध आडवी येते. शेडच्या मागेही एक शटर आहे. तिथून आत आलं तर प्रेसपर्यंत ट्रेंच नाही. पण मागे मुरुमाचं आवार.

कोळी लिफ्ट म्हणून एक प्रकार नेटवर बघितला, चार पाय पसरून उभी राहते, वजनाला हलकी. ती चालेल का?

गुहागरचा_ऑपरेटर

स्पायडर म्हणतात तिला. रबरी पट्ट्यांवर चालते, घराच्या दारातूनही जाते, मग कोळ्यासारखे चार पाय पसरते. वजन कमी, भार चार पायांवर वाटला जातो, फरशीला त्रास नाही. पण पाय पसरायला तीन मीटरच्या आसपास जागा लागते, तुझा रस्ता दोनचा. मॉलच्या चौकात, मंदिराच्या सभामंडपात, जिथे नाजूक फरशी आणि मोकळी जागा आहे तिथे तिच्यासारखी मशीन नाही. इथे नाही बसणार. भाड्यालाही आपल्याकडे कमीच दिसते.

८ मिलिमीटरची प्लेट, ४५० चा गाळा, त्यावरून सहा टनांची बूम. नाही. कोणी कितीही म्हटलं की "फोर्कलिफ्ट जाते रोज", तरी नाही. तुला मागचं शटर आहे हे नशीब समज.

मुरुमातून बूम चालवायची नाही, मुरुमावर ट्रेलर लावायचा. सेल्फ लोडर गाडी सांग, जिचा पाटाच मागे झुकतो. ती उलटी लावून मागची कड शटरच्या उंबऱ्याला भिडवायची, म्हणजे बूम पाट्यावरून उतरते ती थेट ट्रिमिक्सवर. मधे हातभर फट राहिली तर जाड लोखंडी प्लेट कंपनीकडून माग, त्यांच्या सिव्हिलवाल्यानं बघून सही केलेली. गाडी रुतू नये म्हणून मुरुम कोरडा असताना आण. पाऊस झाला असेल तर एक दिवस थांब.

सिझरला ट्रेंच आडवी येणाऱ्या ओळीत असं कर: एका बाजूचे दिवे कर, पाटा पूर्ण खाली घे, मग ओलांडायचं. तेही प्लेटवर चाकाचा भार चालेल असं कंपनीनं लिहून दिलं तरच. एका चाकाचा जास्तीत जास्त भार मशीनच्या पुस्तकात असतो, तो आकडा त्यांना दे, त्यांनी हो म्हणावं. नाही म्हणाले तर सिझरही मागच्या शटरनं आत आणून पलीकडची बाजू वेगळी कर. पाटा वर असताना प्लेटवर चाक जाता कामा नये, त्यासाठी ट्रेंचच्या दोन्ही बाजूंना शंकू आणि पिवळी पट्टी लाव. वरून ट्रेंच दिसत नाही, कठडा आड येतो.

दोन्ही मशीन एकत्र मागवू नकोस. सिझर आधी, २४ दिवे उरकून परत पाठव, मग बूम. भाडं दिवसावर असेल तर उभ्या मशीनचंही लागतं. सिझर चालू असताना कंपनीला एक विचारून बघ: प्रेसवरच्या दोन ओळी मीटर-दीड मीटर रस्त्याकडे सरकवल्या तर चालतील का? एलईडीचा प्रकाश पसरणारा मिळतो, लक्स मोजून दाखव. हो म्हणाले तर पुढच्या वेळी जो कोणी दुरुस्तीला येईल त्याचा प्रेसवरून जाण्याचा व्याप वाचेल. या वेळी मात्र जुने उतरवायला बूम लागणारच.

चार्जिंगचं आत्ताच ठरव. सिझरमध्ये ६ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, रात्रभर लावाव्या लागतात. आणि आपल्याकडे सुट्टीच्या रात्री वॉचमन काय करतो? राउंड मारतो आणि शेडचा मेन पाडतो, त्याला तसंच सांगितलेलं असतं. सकाळी मशीन मेलेली, चार पोरं हात बांधून उभी, भाडं चालू. चार्जिंगचा पॉइंट दुसऱ्या फीडरवरून घे आणि वॉचमनशी स्वतः बोल. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर टाकायचं, आधी नाही. आधी भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड उतू जातं.

वाळूज_वायरमन

दादा, हे मॅडमना दाखवलं. मागच्या शटरचं त्यांना पटलं, सिव्हिलवाला सोमवारी बघून सही देतो म्हणाला. डीएसएलचं कुलूप त्या स्वतः लावणार. ओळी सरकवायचं प्रॉडक्शनवाल्यांना विचारावं लागेल म्हणाल्या. २६३२ बुक केली. ३०/२० छत्रपती संभाजीनगरात मिळत नाहीये, पुण्याहून येईल, वाहतूक जड पडतेय.

गुहागरचा_ऑपरेटर

जड पडणारच. जाण्या-येण्याची वाहतूक एकदाच लागते, म्हणून ती येईल त्या फेरीत काम संपेल असं बघ. प्रेसवर टाकायला जाड ताडपत्री आधीच घेऊन ठेव. आणि एलईडीचे खोके खालीच फोड, वर नुसते दिवे ने. टोपलीत खोकं फोडलं की थर्माकोलचे दाणे उडतात, प्रेसच्या डायमध्ये जाऊन बसतात, आणि दुसऱ्या दिवशी पहिला जॉब खराब निघाला की टूलरूमवाला तुझंच नाव घेतो.